रुमालाखालचा हात

२२ जून २०२५, रविवार. केनवड

किळस आली की मी शिवण उसवते. आज दोन झुली उसवल्या आणि पुन्हा शिवल्या. पोळ्याला दोन महिने आहेत, तोवर बैलांच्या पाठीवरच्या ह्या झुलींचंच काम.

सकाळी यूसराला घेऊन वाशिमला गेले होते. दहावीला चांगले गुण मिळाल्यापासून पोरीच्या डोक्यात एकच आहे: दिल्लीकडचं ते मोठं विद्यापीठ, राजकारण आणि अर्थशास्त्र. बारावीला अजून दोन वर्षं आहेत, म्हणून मी निवांत होते. मार्गदर्शन केंद्राचे अमरदीप सर म्हणाले, "मावशी, तुम्हाला उशीर झालाय. मोठ्या शहरातली मुलं आठवीपासून लागतात."

"कायले लागतात?"

"प्रोफाइल बनवायला."

"म्हणजे?"

"म्हणजे तुमची मुलगी कोण आहे, ते."

मी म्हटलं, ते तर बनलेलंच हाय, सोळा वर्षं झाली. सर हसले. असे हसले की मी माझ्या चपलांकडे पाहिलं.

त्या विद्यापीठाची अकरावीच्या मुलांसाठी उन्हाळी शाळा असते. तिथं निवड झाली तर पुढे पूर्ण शिष्यवृत्तीची वाट सोपी होते, आणि शिष्यवृत्ती नसेल तर आम्ही त्या विद्यापीठाचं फाटकही पाहणार नाही. अर्ज पंधरा डिसेंबरपर्यंत. मुलीचा निबंध हवा आणि पालकाचं एक पानी मनोगत.

"वडील काय करायचे?" सरांनी विचारलं.

"बैलबाजारात दलाल होते," यूसरा म्हणाली.

सरांनी पेन उचललं. "आणि वारले कसे?"

"एसटीत. झोपेत."

सरांनी पेन खाली ठेवलं.

नवरा गेला तेव्हा लोकांनी काय काय म्हटलं ते मी विसरले. हे पेन खाली ठेवणं विसरणार नाही.

२४ जून

सरांच्या पेनाला जे कमी पडलं ते मी इथे लिहून ठेवते.

लिहायला मला मराठीच येते. घरात आम्ही मिसळ बोलतो. उर्दू फक्त अरबीच्या जोडीनं वाचायला शिकवलेली. मराठी मी किराण्याच्या पुड्यांचे कागद वाचत शिकले, मग ग्रामपंचायतीच्या वाचनालयाचं कपाट संपवलं. यूसराचे अब्बू, जमशेद, म्हणायचे, "मेहरबी, तू एक दिवस सातबारा पण गोष्टीसारखा वाचशील."

तीन वर्षांपूर्वीचा डिसेंबर. मेडशीकडून बाजार करून ते एसटीनं परत येत होते. सोबत मोहनसिंग, तांड्यावरचा, त्यांचा पंधरा वर्षांपासूनचा जोडीदार. एक गिऱ्हाईक आणायचा, दुसरा सौदा जुळवायचा. गाडीत यांनी मोहनसिंगच्या खांद्यावर डोकं टेकवलं. त्याला वाटलं, पहाटेचे उठलेत, झोपू दे. वाटेत खोकला आला तो त्यानं दाबला. खांदा हलवला नाही. केनवड आलं तेव्हा हाक मारली. आपण किती वेळ मेलेल्या माणसाला झोपू देत होतो, हे त्याला आजही ठाऊक नाही.

यांचा उजवा हात मांडीवरच्या रुमालाखाली होता, दोन बोटं मिटलेली. हे मोहनसिंगनं मला एकटीला सांगितलं. मी कोणालाच सांगितलं नाही.

१३ जुलै, रविवार

आजचा तमाशा. सर म्हणाले, समाजसेवा दिसली पाहिजे. म्हणून यूसरा गरीब मुलांना वह्या वाटणार आणि सरांचा माणूस फोटो काढणार. गरीब मुलं कुठली? सरांनी नकाशात तांडा शोधला. मोहनसिंगचाच तांडा.

त्याच्या घराला स्लॅब आहे. आमच्या घराला टिनं.

मोहनसिंगची बायको रुपाबाई दारात आली. "काहून वं पोरी, वह्या कायले वाटून राह्यली? आमच्या पोरायजोळ हायेत. तुले पाह्यजेत का?"

यूसराचा चेहरा पाहण्यासारखा झाला. फोटोवाला म्हणाला, मुलांनी चपला काढल्या तर बरं होईल. रुपाबाई म्हणाली, "तू आपली पँट काढ ना बावा, अजून बरं होईन."

मग तिनं सगळ्यांना भाकरी आणि ठेचा वाढला. फोटोवाल्यालाही. त्याला दोनदा पाणी मागावं लागलं.

येताना यूसरा म्हणाली, "अम्मी, हे सगळे करतात. नाही केलं तर मी मागं पडीन."

फोटो सरांना आवडला. पोरं चपला घालूनच उभी आहेत, पण फोटो खालून कापून टाकलाय.

१० ऑगस्ट, रविवार

परवा यूसरानं निबंधाचा पहिला खर्डा वाचून दाखवला. इंग्रजीत लिहिते, मला मराठी करून सांगते.

रुमालाबद्दल लिहिलंय. बैलाचा सौदा कसा होतो: दोघांचे हात एका रुमालाखाली. एक बोट, दोन बोटं, पंजा. शेकडा का हजार, ते जनावर पाहून दोघांना कळतं. भोवती पन्नास माणसं उभी असतात पण भाव फक्त दोन हातांना ठाऊक. जमशेद म्हणायचे, गरजवंताचा भाव बाजारात ओरडायचा नसतो. पोरीनं ते लिहिलं. पुढे लिहिलं की त्याच रुमालानं दलालाची लबाडीही झाकली जाते, कारण विकणाऱ्याला एक भाव आणि घेणाऱ्याला दुसरा सांगितला तर कोण पाहतो? माहिती एकाकडे जास्त आणि दुसऱ्याकडे कमी असली की बाजार कोणाचा होतो, असं काहीतरी त्यात होतं.

मी विचारलं, "तुह्या बापानं लबाडी केली असं म्हणतेस?"

"केली असन कधी, अम्मी. मले माहीत नाही. तुले?"

मला माहीत आहे. दोनदा केली होती. दोन दिवस तिच्याशी नीट बोललेच नाही. पण खोटं एक अक्षर नव्हतं त्यात.

१२ ऑगस्ट

सर फोनवर म्हणाले, "रुमाल छान आहे, वेगळा आहे. पण वेदना कुठे आहे?"

वेदना म्हणजे काय हिंग आहे, की फोडणीला टाकायचं राहून गेलं?

२२ ऑगस्ट. पोळा

सगळ्या झुली गेल्या. मोहनसिंगनं बैल दारात आणले. जमशेद असताना आणायचा, अजूनही आणतो. यूसरानं बैलाच्या कपाळाला हात लावला. मी गुळाचा तुकडा दिला. मोहनसिंग म्हणाला, "येतो भाभी." तिसऱ्या वर्षीही तो तसाच उभा राहतो, डावा खांदा जरा खाली.

ही वही झुलीच्या पेटीत उलटी सापडली. घरात उंदीर झालेत.

५ ऑक्टोबर, रविवार

पुन्हा वाशिम. सरांनी चहा मागवला. मग हळूच विचारलं, "मावशी, बैलांचा धंदा, तुमचा समाज... कधी कोणी अडवलं नाही का? रस्त्यात? जमाव वगैरे?"

खरं तेच सांगितलं. दोनदा गाडी अडवली होती. कागद असून चार तास उन्हात उभं केलं, बैल उतरवायला लावले, जे बोलायचं ते बोलले. त्या रात्री यांनी जेवण केलं नाही. म्हातारे बैल घेणं त्यानंतर सोडलंच. एवढंच.

"मारलं नाही?"

"नाही."

सरांनी पेन उचललं होतं. यावेळी ठेवलं नाही, हवेतच धरलं.

निघताना त्यांनी पालकाच्या मनोगताचा कागद पुढे केला. "मजकूर मी टाइप करून घेतो. तुम्ही सही करून ठेवा, पुन्हा यायचा त्रास नको." मी केली. कोऱ्या कागदावर. इतकं वाचणारी बाई मी, लोकांचे अर्ज लिहून देते, आणि कोऱ्या कागदावर सही. पण आमच्या घरात वीस वर्षं हेच पाहिलं: आधी हात द्यायचा, सौद्याची चिठ्ठी मागून. दिलेल्या हाताला खोटं पाडायचं नाही. जमशेदनी चिठ्ठीसाठी कधी कोणाला थांबवलं नाही.

१६ नोव्हेंबर, रविवार

सरांकडून निबंध आणि मनोगत तयार होऊन आलं. यूसरा आधी वाचूनच दाखवेना. "ठीक हाय अम्मी, सही तर झालीच हाय." मी मशीन बंद केलं आणि म्हटलं, वाच.

निबंधात तिच्या बापाला मेडशीच्या रस्त्यावर जमावानं अडवलं. काठ्या होत्या. शेजारपाजारच्या वस्तीतली माणसं होती, रोज राम राम करणारी. त्यांनी मारलं, बाकीच्यांनी पाहिलं. तीन दिवसांनी बाप गेला. मरताना पोरीला म्हणाला, शिक आणि हा देश बदल.

जमशेद कशाला म्हणाले असते देश बदल! ते पोरीला म्हणायचे, चहात साखर कमी टाकत जा.

आणि मनोगतात मी, मेहरबी जमशेद, खाली माझी सही, हेच सगळं रडून सांगते आहे. मी "अश्रू" हा शब्द चार वेळा वापरला आहे.

मी ओसरीत जाऊन थुंकले.

"वस्तीतली माणसं म्हणजे कोण?" मी विचारलं.

"कोणाचं नाव थोडीच लिहिलं."

"नाव नसलं का मंग सगळ्यायचंच नाव होते, यूसरा."

"अम्मी, असं होते ना पण. पेपरात येते. तूच वाचून दाखवतेस."

"होते. ज्यायच्यावर झालं त्यायनं लिहावं. त्यायचं मरण तू कायले उचलून आणलं?"

ती म्हणाली, "मंग काय लिहू? अब्बू झोपले, असं लिहू? झोपलेल्या माणसाची पोरगी कोणाले पाह्यजे?"

आणि पुस्तकं घेऊन मागच्या खोलीत गेली. मेलेल्या बापाला पुन्हा मारून शिष्यवृत्ती घेणारी पोरगी मीच वाढवली.

१८ नोव्हेंबर

खोटं कशाला लिहू? दोन दिवस मनात हेही आलं की जाऊ दे. कोण वाचणार आहे केनवडात ते इंग्रजी? जमशेदना आता काय फरक पडतो? पोरगी इथून निघेल. नाहीतर ती पण मशीनवर बसेल, आणि झुलीवर आरसे लावता लावता तिचे डोळे जातील. मी गप्प राहिले तरी पुरे, सही झालेलीच आहे.

असा विचार करणाऱ्या बाईचीही किळस येते.

शिवाय हात दिलेला आहे. तो कसा मागं घेतात, मला येत नाही.

वही परत उलटी. पेटीत कापूर ठेवला.

२० नोव्हेंबर

यूसराला म्हटलं, चल तांड्यावर, तो निबंधाचा कागद घे. ती म्हणाली कायले, मी म्हटलं चल.

मोहनसिंग तुरीच्या पिकातून आला. रुपाबाईनं पाणी दिलं. मी त्याला सरळ विचारलं, "भाईसाब, दिलेला सौदा मोडायचा असन तर काय करतात?"

"मोडत नाहीत, भाभी." मग डोकं खाजवलं. "एकच गोष्ट असते. जनावरात खोड निघाली. मारकं हाय, नाहीतर जुवाखाली बसते, अन् इकणाऱ्यानं सांगतलं नसन, तर पुढच्या बाजारापोतर वापस करता येते. कोणी काही म्हणत नाही. खोड लपवली तिथंच सौदा मेला."

"अन् खोड हाय का नाही, ते कोण ठरवते?"

"जनावर चारचौघात उभं करायचं. दिसतेच."

मी यूसराला म्हटलं, "उभं कर."

तिनं माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं उठून जाईल. मग मान खाली घालून एकेक वाक्य सांगत गेली. रस्ता. काठ्या. राम राम करणारी माणसं. रुपाबाईच्या हातातला तांब्या तसाच राहिला. तीन दिवसांपर्यंत आली आणि कागद मिटला.

मोहनसिंग रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं. त्याला खरंच कळत नव्हतं, म्हणून त्यानं विचारलं:

"मंग त्या दिवशी मी कुठी होतो, पोरी?"

रुपाबाई आत गेली आणि भांडी आपटू लागली.

येताना दोन किलोमीटर यूसरा माझ्या पुढे चालत होती. रडत होती की नाही ते मला मागून दिसत नव्हतं, आणि मी पुढे जाऊन पाहिलं नाही.

२३ नोव्हेंबर, रविवार

वाशिम. सरांच्या टेबलावर कागद ठेवला. "सर, जनावरात खोड निघाली."

त्यांना कळेना. मी समजावून सांगितलं. ते म्हणाले, "मावशी, ही गोष्ट आहे, कोर्टातली साक्ष नाही. तिकडच्यांना हेच हवं असतं. मी तुमच्या मुलीच्या भल्यासाठी..."

"तुमी वाईट माणूस नाही," मी म्हटलं, "पण तुमी माह्या नवऱ्याले दुसरं मरण देऊन राह्यले. मले पह्यलंच पुरते."

"मग हिचं होणार नाही. लिहून देतो."

"कोऱ्या कागदावर देजा."

हे मी बोलले का, असं नंतर वाटलं. यूसरा बाहेर बाकावर बसून होती. हसली नाही, पण ऐकलं होतं.

कागद मी तिथंच फाडला. सही आपली होती, त्यामुळे हाताला जड गेलं.

१४ डिसेंबर, रविवार

आज अर्ज पाठवला. मनोगत मी माझ्या हातानं लिहिलं, मराठीत. कुठल्याही भाषेत चालतं असं त्यांच्याच कागदावर होतं, सरांनी ते आम्हाला सांगितलं नव्हतं. पाऊण पान झालं. अश्रू एकदाही नाहीत. लिहिलं की माझी मुलगी हिशेबात पक्की आहे, उलट बोलते, एकदा खोटं बोलणार होती आणि बोलली नाही. यूसरा म्हणाली, "अम्मी, असं कोणी लिहिते का?" मी म्हटलं, खोड सांगून विकलेलं जनावर वापस येत नाही.

तिनं तिचा निबंध वाचून दाखवला. सुरुवात अशी: माझे वडील एका मित्राच्या खांद्यावर वारले, आणि त्या मित्रानं झोपमोड होऊ नये म्हणून खांदा हलवला नाही. मग रुमाल, बाजार, दोन्ही बाजूंची लबाडी, गाडी अडवली ते चार तास. शेवटी पुन्हा ते एसटीत: रुमालाखाली उजवा हात, दोन बोटं मिटलेली.

मी मशीनचं चाक हातानं धरून ठेवलं.

हे तिला कोणी सांगितलं? मी तर तोंडातून कधी काढलं नव्हतं. मोहनसिंगनं सांगितलं असेल. मी विचारलं नाही.

५ जानेवारी २०२६

सरांनी फळ्यावर लावलेल्या फोटोंत यूसराचा वह्या वाटतानाचा फोटो अजून आहे, असं कोणी तरी सांगितलं. खाली लिहिलंय: आमची विद्यार्थिनी. थुंकावं तर कुठे कुठे थुंकणार.

२५ जानेवारी, रविवार

निवडीच्या आधीची मुलाखत आज फोनवर, व्हिडिओत झाली. फोन कोनाड्यात उभा केला. समोर दोन बायका आणि एक माणूस, मागे त्यांच्या पुस्तकांची भिंत. मी मशीनजवळ बसले, दिसणार नाही अशी.

अर्धा तास विचारत होते. तुरीचा भाव का पडतो, सरकारनं काय करावं, तू म्हणतेस ते चुकीचं असेल तर? पोरगी दोनदा अडली. एकदा म्हणाली, मला माहीत नाही. बापासारखीच म्हणाली, हनुवटी वर करून.

मग त्यातली एक बाई हिंदीत म्हणाली, ते रुमालाचं फार सुंदर आहे, आम्हाला करून दाखवशील?

फार सुंदर. आता हेही फोटोसारखं होणार, असं वाटलं.

यूसरा म्हणाली, "दोन माणसं लागतात." आणि माझ्याकडे पाहिलं.

मी उठले. झुलीच्या पेटीतून यांच्या मांडीवरचा तो रुमाल काढला. मोहनसिंगनं आणून दिल्यापासून धुतलेला नाही. पेटीवर बसले, फोनच्या समोर, आणि दोघींच्या हातांवर रुमाल टाकला. तिचा हात गार होता. मी कधी सौदा केलेला नाही, बायका करत नाहीत. पण तिनं बोटं चाचपली तेव्हा कळलं. तिनं विचारलं. मी उत्तर दिलं. तिनं पुन्हा विचारलं. मी पुन्हा तेच उत्तर दिलं आणि तिनं पंजा घट्ट धरला, म्हणजे सौदा झाला.

ते तिघं हसत पाहत होते. बाई म्हणाली, "क्या बात हुई? हमें भी बताइए."

मी म्हटलं, "बाहर नहीं बताते."

ती हसायची थांबली. मग मान हलवून काहीतरी लिहून घेतलं. चांगलं की वाईट, देव जाणे. निकाल मार्चमध्ये.

फोन बंद झाल्यावर यूसरा तिथंच बसून राहिली. "अम्मी, मी गेली तर..." म्हणाली आणि थांबली. मी म्हटलं, चहा ठेव, साखर कमी टाक.

रुमालाखाली तिनं काय विचारलं आणि मी काय सांगितलं, ते इथेही लिहीत नाही.

वही आज पुन्हा उलटी होती. उंदरांचा पिंजरा आणून ठेवलाय. लावला नाही.